मुक्या पट्टीची गाणी

पहिल्याच भेटीत त्या बाईने आपल्या अंगावर पियानो सोडला, असं कानसेन सांगत असे. ही हकिकत त्याने वर्षानुवर्षं सांगितली आणि दर खेपेला ती थोडी वाढत गेली. सुरुवातीला पियानो दोन पायऱ्या घसरला होता. पुढे त्या बारा झाल्या. शेवटी शेवटी तर पियानो तिसऱ्या मजल्यावरून भिंतींचा गिलावा काढत, सगळ्या पट्ट्या एकदम वाजवत, थेट त्याच्या नरडीचा घोट घ्यायला निघाला होता आणि त्याने तो एका हाताने थोपवला. दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी होती. ती खाली ठेवण्याइतकीही उसंत पियानोने दिली नाही.

खरं एवढंच की एका बंद पडलेल्या शाळेतून घेतलेला जुना उभा पियानो पाच हमाल तिच्या खोलीकडे जिन्याने वर चढवत होते, वळणावर एकाच्या हातून पट्टा सुटला आणि पियानो दोन पायऱ्या खाली येऊन कानसेनाच्या कपाळाला टेकला. टेंगूळ येण्याइतका टेकला. वरच्या कठड्यावरून सव्वीस वर्षांची एक मुलगी वाकली. केस पेन्सिल खोचून वर बांधलेले.

"लागलं का?"

"थोडंसं," कानसेन कपाळ धरून म्हणाला.

"तुम्हाला नाही हो. पियानोला."

इथून जे वैर सुरू झालं ते नऊ वर्षं नीट सांभाळलं गेलं. एवढी काळजी लोक लग्नाचीही घेत नाहीत.

कानसेन पियानो जुळवायचा. तारा ताणायच्या, सैल करायच्या, एकेक सूर जागेवर आणायचा, हा त्याचा धंदा. गावातले बहुतेक पियानो त्याच्याच हातचे. नाव कुणीतरी टिंगलीने पाडलं होतं, पण त्याने ते पदवीसारखं लावून घेतलं. "गाणारे पायलीचे पन्नास," तो म्हणे, "ऐकणारा एकच." यंत्र लावून सूर तपासणाऱ्यांना तो माणसात धरत नसे. वाद्यांच्या दुकानात तसा एक तरणा गडी नोकरीला होता. त्याचा उल्लेख कानसेन नुसता 'दुकानातला' असा करी, तोही विंचू म्हणावं तशा आवाजात.

त्या दिवशी पियानो खोलीत लागला. खोली म्हणजे पलंग, पियानो आणि दोघांच्या मधून आडवं जाण्याइतकी वाट. कानसेनाने पट्ट्या वाजवून पाहिल्या. मधल्या सप्तकातली चौथी पांढरी पट्टी दाबली की सूर नाही, नुसतं 'ठक'. आतल्या हातोडीची दांडी मोडून लाकडावर आपटत होती.

"तुमच्या कपाळाने मोडली," ती म्हणाली.

"माझ्या कपाळात नवी हातोडी येत नाही. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी तो हातोडी घेऊन आला, तेव्हा बाईंचं गाणं तयार होतं. आदल्याच महिन्यात भावजयीने तिला घराबाहेर काढलं होतं, आणि ती बॅग घेऊन अर्धा तास दार वाजवत उभी होती. गाणं त्याच दाराचं. 'आतून कळतं कोण आहे ते, म्हणून तर उघडत नाही,' एवढं गाऊन ती मुकी पट्टी दाबायची. ठक. ठक ठक. कानसेनाच्या अंगावर काटा आला. सुराशिवाय दुसऱ्या कशानेही अंगावर काटा येणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून तो जास्तच चिडला.

"बाजूला व्हा. हातोडी बसवतो."

"हात लावाल तर झाकण बोटांवर पाडीन."

"बाई, हा पियानो आहे. दार नव्हे."

"काका, तुम्ही सूर जुळवा. गाण्याचं मी बघते."

ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात तळमजल्यावर, चपलांच्या विभागाशेजारी, गिऱ्हाइकांसाठी पियानो वाजवायची. एकदा तिथे स्वतःचं गाणं गायली. मॅनेजर म्हणाला, लोक जोडे घालायचे थांबले. तिला वाटलं कौतुक आहे. ती नोटीस होती. आठवड्यात मॅनेजरवर गाणं झालं. तिची रीतच ती: कुणी दुखावलं की त्याचं गाणं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर केरसुणीच्या दांड्याने छत बडवायचे, त्यांचंही झालं. तालाला हेडमास्तर तिच्यापेक्षा पक्के होते हे तिने मान्य केलं, आणि तेवढंच मान्य केलं.

एकदा रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊन पलंगावर बसला. तीन गाणी ऐकून म्हणाला, "आवाज चांगला आहे. गाणी दुसऱ्याची घेऊ. पियानो काढून टाकू."

"मग माझं काय उरलं?"

"फोटो," तो म्हणाला.

तोही गाण्यात गेला. बाई कुणाच्या दावणीला बांधून घ्यायला तयार नव्हती. आपणच लिहायचं, आपणच चाल लावायची, आपणच चिकटपट्टीने जाहिराती डकवायच्या. अडचण एकच होती. सगळ्या गाण्यांत ती ठक, आणि ती ठक दुसऱ्या कुठल्याही पियानोत नाही. म्हणून वाचनालय असो, कॅफे असो, ती स्वतःचा पियानो घेऊन जायची. भावाचा सामान वाहायचा टेम्पो होता. बायकोला 'कपाट पोचवायचं आहे' असं सांगून तो येई. भावजय म्हणे, या गावात कपाटं फार हिंडतात.

पियानो हलला की सूर उतरतात, मग कानसेन. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी तो किल्ली घेऊन हजर.

"आज तरी बसवू का हातोडी? पिशवीतच आहे."

"तुमच्या पिशवीत अजून काय काय कुजतंय?"

"माझी अब्रू. तीही तुमच्याच पायी."

हे मात्र खरं होतं. कार्यक्रमानंतर लोक कुजबुजत, बाई बरी गाते, पण जुळवणाऱ्याला एवढी पट्टी मेलेली कळू नये? दुकानातल्याने तर भर कॅफेत विचारलं, "कानसेनांचा कान गेला की काय?" आणि ज्यांच्या घरी कानसेन वीस वर्षं जात होता अशी दोन घरं यंत्रवाल्याकडे गेली.

त्यातच बाईने रेकॉर्ड काढायचं ठरवलं. नऊ वर्षांचं दुखणं बारा गाण्यांत. वाचनालयाचं सभागृह एका सकाळपुरतं मिळालं, रेकॉर्डिंगवाला दोन माइक घेऊन दुसऱ्या गावाहून येणार होता आणि साठ लोकांना बोलावणी गेली होती. पुन्हा असा योग येणार नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून सभागृह दुरुस्तीला जायचं होतं.

"मुखपृष्ठावर तुमचं नाव टाकतेय," ती म्हणाली. "पियानो जुळवणी, आणि पुढे नाव. आता तरी तोंड सरळ करा."

कानसेनाचं तोंड आणखी वाकडं झालं. आजवर मेलेल्या पट्टीची अफवा होती, आता छापील पुरावा होणार होता. दुकानातला ती रेकॉर्ड काउंटरवर लावून ठेवणार, हे त्याला लख्ख दिसलं.

त्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास आधी पोचला. सभागृहात नुसत्या खुर्च्या. त्याने सगळ्या तारा जुळवल्या, आणि मग पुढची फळी काढून नऊ वर्षं पिशवीत बाळगलेली हातोडी बसवली. अकरा मिनिटं लागली. पट्टी दाबली. असा गोड, गोल सूर निघाला की त्याने तो पुन्हा दोनदा ऐकला. एकदा ऐकला की तिलाही पटेल, अशी त्याची समजूत होती. हाडाच्या कारागिराचं डोकं इथेच फिरतं: चांगलं काम कुणाला नको असेल, हे त्याला खरंच वाटत नाही. मोडकी दांडी त्याने बाहेरच्या कचराकुंडीत टाकली आणि नेमकी तेव्हाच कचरागाडी आली.

साठांपैकी एक्केचाळीस लोक आले. बाई बसली. रेकॉर्डिंगवाल्याने मान हलवली. 'आतून कळतं कोण आहे ते, म्हणून तर उघडत नाही,' आणि तिने पट्टी दाबली. सूर वाजला. स्वच्छ, भरलेला, मंजूळ. जणू भावजयीने दार उघडून 'या वन्सं, चहा घ्या' म्हटलं.

ती थांबली. पुन्हा दाबली. पुन्हा मंजूळ. लोकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका," ती माइकसमोरच म्हणाली, "काय केलंत?"

तिसऱ्या रांगेतून कानसेन उठला. "माझं काम."

"दांडी कुठे आहे?"

"गाडी घेऊन गेली."

"नऊ वर्षं नको म्हटलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"मला सूर ऐकू येतात, बाई. हट्ट नाही."

कुणीतरी हसलं. रेकॉर्डिंगवाल्याने घड्याळ पाहिलं. बाईने केसातली पेन्सिल काढून दातात धरली, पुन्हा खोचली, आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. ठकची जागा आली तशी तिने पट्टी सोडून दिली आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर पियानोच्या लाकडावर हाणलं. ठक. जुन्या ठकपेक्षा मोठी, रागीट ठक. बाराही गाणी तिने अशीच वाजवली. सातव्या गाण्याला पेर सुजलं, नवव्याला फुटलं. लाकडावर लाल ठिपका उमटला आणि तिने तो पुसला नाही.

बारावं संपल्यावर लोक उठायला लागले, तर तिने तेरावं काढलं. ते कधी कुणी ऐकलं नव्हतं, कारण ते तिथेच होत होतं. ऐकणाऱ्या एका माणसाचं गाणं, ज्याला आयुष्यभर सगळं ऐकू येतं, फक्त समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यात तिने कुठेही पेर मारलं नाही. चौथी पांढरी पट्टी, त्याने बसवलेली, पुन्हा पुन्हा दाबली. कानसेन शेवटपर्यंत बसून होता. सूर शुद्ध लागत होता, यात शंका नव्हती. बाहेर पडताना त्याने कुणाशी नजर मिळवली नाही.

रेकॉर्ड निघाली. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'पियानो बिघडवला', आणि पुढे कानसेनाचं पूर्ण नाव. दुकानातल्याने सहा प्रती घेतल्या आणि काउंटरवर ओळीने लावल्या. कानसेनाने ती त्याच्या दुकानातूनच विकत आणली, शेजाऱ्याला पाठवून. तेरावं गाणं तेवढं त्याने ऐकलं, आणि दोन तारा किंचित उतरल्या होत्या असं भेटेल त्याला सांगितलं.

पेर काय, कुठल्याही लाकडावर आपटतं. आता आपला पियानो हिंडवायची गरज उरली नाही. तो भावाकडे गेला. भावजयीने त्यावर टीव्ही ठेवला. बाई तीन-चार वर्षं गावोगाव परक्या पियानोवर पेर आपटत गायली. मग ते बोट दुमडेनासं झालं आणि डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं.

ती आता एका शाळेत मुलांना सूर ओळखायला शिकवते. शाळेचा पियानो जुळवायला दुकानातला येतो.