सशाच्या कानांची हजामत

तीस वर्षं सलूनवाल्या अप्पांनी दुसऱ्यांच्या डोक्यांवर हात फिरवला, पण खिडकीतल्या एका वीतभर रोपानं त्यांच्याच डोक्याचा भुगा केला.

रोप बायकोचं. जाड, राखाडी, सशाच्या कानांसारखी लवदार पानं. तिच्या थोरल्या बहिणीनं दिलेल्या एका पानापासून वाढवलेलं. बहीण गेली, रोप राहिलं. लेकीच्या बाळंतपणाला जाताना बायको बजावून गेली, "घर पेटलं तर आधी हे बाहेर काढा. मग तुम्ही निघा."

अप्पांनी मनावर घेतलं. केसाला हात लावायचा तर आधी तो भिजवायचा, ही हाताची सवय. लव म्हणजे केसच की! रोज दुकान उघडण्याआधी फवाऱ्याच्या बाटलीनं ते पानं ओलीचिंब करत, मानेवरचे केस झाडायच्या ब्रशानं लव विंचरत. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळट, लिबलिबीत झाली, बोट लावताच गळाली. अप्पांना वाटलं, तहानलंय. फवारे वाढवले. आणखी गळाली.

"मर की एकदाचं!" ते खेकसले, आणि लगेच घाबरून कुंडी उन्हात सरकवली.

बायको फोनवर रोज म्हणे, "दाखवा बघू." अप्पा बरी बाजू पुढं धरत. बरी बाजूही संपत आली.

शेवटी दाढीला आलेल्या माळ्याच्या मांडीवर त्यांनी कुंडीच ठेवली.

"पाणी किती?"

"रोज. पानापानाला."

माळी फेसातून हसला. "अप्पा, हे पानातच पाणी साठवतं. वर लव भिजली की सडतं. खोड गेलंय. दोन धड पानं काढा, चार दिवस सुकवा, कुंडीत कोरड्या वाळूवर ठेवा नि गप्प बसा."

"किती दिवस?"

"महिना तरी."

"वस्तरा माझ्या हातात आहे, जरा कमी सांग."

गप्प बसणं अप्पांच्या रक्तात नव्हतं. मूळ फुटलं का म्हणून एक पान रोज उचलून पाहिलं, ते आठवड्यात वाळलं. उरलं एक. त्याच्यासमोर ते हात मागं बांधून उभे राहत, मनातल्या मनात शिव्या घालत.

बायको आली. पिशवी खाली न ठेवताच खिडकीशी गेली. अप्पांनी सगळं एका दमात ओकून टाकलं.

"आजवर गिऱ्हाइकाचा कान कापला नाहीत," ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या रोपावरच हात साफ करायचा होता?"

मग ती वाकली. पानाच्या बुडाशी तिळाएवढा लवदार ठिपका फुटला होता. फवाऱ्याची बाटली उचलून तिनं कपाटावर, पार मागं, ढकलून दिली.

"अगं, उद्या गिऱ्हाइकांचे केस कशानं भिजवू?"

"थुंकीनं," ती म्हणाली, आणि कुंडी उचलून आपल्या उशाशी घेऊन गेली.