आदरणीय ग्राहक

माझी अक्का, वेंकूबाई, तंजावरजवळच्या पापनाशमच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली. तिला फसवायची कुणाची टाप नव्हती. दुकानदाराचं बिल ती उभ्या उभ्या तपासायची. खूळ एकच. तंजावरात आम्ही घरात मराठी बोलतो, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. अक्कानं मात्र पन्नाशीनंतर देवनागरी गिरवली आणि रविवारी ओसरीवर शेजारच्या पोरींना शिकवू लागली. "अगं वाणी, आपली भाषा कागदावर दिसली पाहिजे," असं मला ऐकवायची.

मार्चमध्ये तिला बँकेच्या नावानं ईमेल आला. चक्क मराठीत! आदरणीय ग्राहक, आपले खाते आज सायंकाळी बंद होईल, खालील लिंकवर माहिती भरा. अगं बाई, काय तो आनंद! इथल्या बँकेनं जन्मात तिला मराठीत अक्षर लिहिलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला ओळखलं, असंच तिला वाटलं. तिनं तो पोरींकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग माहिती भरली, ओटीपीसुद्धा दिला.

गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेले तीन लाख ऐंशी हजार तासाभरात गेले. हेल्पलाइनला फोन केला, शाखेत खेटे घातले, पण एक पैसा परत आला नाही.

मी भडकलेच. "पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचास ना! बँकेचं नाव तरी आहे का त्यात? आजच्या आज भरा म्हणून घाई कोण करतं, चोरच ना? आणि तुझं नाव कुठंय यात?"

"आदरणीय लिहिलं होतं गं," ती हळूच म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. मेल्यांनी हजारोंना तेच धाडलं असणार, आणि ही आपली तिच्या एकटीसाठी आलंय समजून हरखली. केसानं गळा कापला माझ्या अक्काचा, तोही आमच्याच भाषेत.

रविवारचा वर्ग बंद झाला. जिना ती आता बसत बसत चढते.

परवा तिचा वाढदिवस होता. आमचा भाचा सुरेंद्र नोकरीसाठी पुण्याला असतो. तो दरवर्षी मराठीत मेसेज पाठवतो आणि अक्का तो दहा जणांना दाखवते. यंदा तिनं तो उघडलाच नाही. मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"त्याला फोन लाव. त्यानंच पाठवलाय का, विचार," ती म्हणाली. "तमिळमध्ये विचार."