पुनवेला बसणारी डिस्क

सिंदी रेल्वेच्या एका जिनिंग फॅक्टरीत रत्नदीप थूल सव्वीस वर्षांपासून फिटर आहे. मशीन बंद पडली की सगळे आधी त्यालाच हाका मारतात, पण तो आल्याबरोबर पान्याला हात लावत नाही. खिशातली वही काढून तारीख लिहितो, वेळ लिहितो, आजूबाजूला काय काय सुरू होतं ते विचारतो आणि मगच वाकतो. "मशीन रुसत नसते, तिले कारण असते," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

घरचा कॉम्प्युटरही त्याने स्वतःच बांधला. एकेक भाग नागपूरहून आणला आणि डबा केला जुन्या कूलरचा पत्रा कापून. त्यातून हवा कशी खेळते यावर तो अर्धा तास बोलू शकतो, आणि चहा येईपर्यंत पाहुण्यांना ते ऐकावंच लागतं.

या डब्यातल्या हार्ड डिस्कवर सुलोचनाबाईंचा आवाज होता. बाई मागच्या गल्लीतल्या, ऐंशीच्या घरातल्या. दळता दळता त्यांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या साऱ्या वस्तीला ठाऊक. गेल्या वर्षी रत्नदीपने सलग अकरा रविवार त्यांना घरी बोलावून बत्तीस ओव्या रेकॉर्ड केल्या. जानेवारीत बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात त्या ओव्या लावायच्या ठरल्या होत्या. बाईंनी स्वतः ते रेकॉर्डिंग एकदाही ऐकलेलं नव्हतं. दुसरी कॉपी? करीन करीन म्हणता राहून गेली होती.

पौर्णिमेच्या सकाळी वंदना आटोपून रत्नदीपने कॉम्प्युटर लावला. स्क्रीन उजळली, पण डिस्क दिसेना. डब्यातून टक् टक् असा बारीक आवाज तेवढा येत होता.

त्याने वर्ध्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. आवाज ऐकून तो म्हणाला, "भाऊ, डिस्क गेली. नवी टाकून घ्या."

"अन् आतलं?"

"थे विसरा आता."

रत्नदीपने फोन ठेवला. बाईंना काय तोंड दाखवायचं? पण घाबरलेल्या रत्नदीपच्या आत एक चौकस रत्नदीप कायम बसलेला असतो, आणि त्याला चैन पडत नाही. त्याने डेटाची वायर बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली, टोकं खोडरबराने घासली. मग डिस्कवर तळहात ठेवून परत बटन दाबलं. डिस्क फिरायला लागली, घरघरली आणि टक् करून थांबली. उपाशी माणूस जिना चढताना मधेच बसतो, तशी.

"हिचं डोकं ठीक हाय," तो पुटपुटला. "हिले पोटभर करंट भेटून नाई राह्यला."

पण काल तर भेटत होता! मग आजच काऊन नाही? त्याने वही उघडली. डिस्क दिसली नाही अशा तीन नोंदी होत्या: बारा फेब्रुवारी, बारा एप्रिल, चौदा एप्रिल. मार्चात फॅक्टरीच्या गडबडीत कॉम्प्युटर फारसा लावलाच नव्हता. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी डिस्क आपोआप चालली, म्हणून कारणाचा रकाना कोराच. फॅक्टरीत हाताखालच्या माणसाने असं केलं असतं, तर रत्नदीपने त्याची सालटी काढली असती.

खिरीचा डाव हातात घेऊन त्याची बायको कांता बाहेर आली आणि खांद्यावरून वहीत डोकावली.

"या तं पुनवा व्हय," ती म्हणाली. "माघाची, चैताची. अन् आज वैशाखाची."

रत्नदीप तडकला. "आता चंद्रानं डिस्क बंद पडते म्हणून सांगतं काय मले? बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण!"

"मी कुठं चंद्राचं नाव घेतलं? मी तं तारीख सांगितली."

"मंग चौदा एप्रिल? थे कुठं पुनव हाय?"

"चौदा एप्रिलले काय असते, थे बी मीच सांगू काय?" कांता हसत आत गेली.

रत्नदीपने वही मिटली. पौर्णिमेला आणि जयंतीला आपण असं काय करतो, जे एरवी करत नाही? स्वतःच्याच घराकडे तो परक्यासारखा पाहू लागला. पांढरे कपडे. वंदना. फुलं. खीर. खिरीने डिस्क बंद पडणार नाही, एवढं तर नक्की. मग त्याची नजर वर गेली. कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर बुद्धमूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि दोघांभोवती निळ्या लाइटची पट्टी झगझगत होती.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्या पट्टीचा जुना ॲडॉप्टर जानेवारीत जळाला, तेव्हा रत्नदीपनेच अक्कल लढवून कॉम्प्युटरच्याच सप्लायमधून वायर ओढली होती. तीही डिस्कला जाणाऱ्या जोडणीतूनच, एका बारीक दोनतोंडी वायरने. आणि कांता पट्टीचं बटन दाबायची ते फक्त पौर्णिमेला आणि जयंतीला.

त्याने मीटर लावला. बारा व्होल्ट पाहिजेत तिथे जेमतेम दहा.

"कांता! लाइटचं बटन बंद कर बरं!"

निळा उजेड गेला आणि आकडा बाराला टेकला. त्याने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. डिस्क घरघरली आणि घरघरतच राहिली. ओव्या बत्तीसच्या बत्तीस जागेवर होत्या. रत्नदीपने आधी दोन पेन ड्राइव्ह भरले, मग मोबाइल, आणि त्यानंतरच पाणी प्यायला.

"म्हंजे तुमच्याच हातचं काम व्हय," कांता म्हणाली. "लिहा वहीत."

त्याने निमूटपणे लिहिलं.

संध्याकाळी विहार भरला. सुलोचनाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल. पहिली ओवी लागली तशा बाया टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागल्या. बाई मात्र स्थिर होत्या. आवडलं की नाही, रत्नदीपला कळेना. तिसऱ्या ओवीच्या मधेच गाणं थांबलं आणि स्पीकरमधून बाईंचा साधा, बोलण्याचा आवाज आला, "थांब रे रत्नदीप, घसा कोरडा पडला. पाणी दे जरासं."

लोक हसले. रत्नदीप ओशाळला. तो तुकडा काढून टाकायचं त्याच्या मनात होतं, घाईत राहून गेला होता. त्याने बटनाकडे हात नेला तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. मग बोटाने खूण केली. मागे ने.

त्याने ओवी पहिल्यापासून लावली. बाईंनी मान हलवली. ओवी नको होती. ओव्या साऱ्या वस्तीला पाठ होत्या, कोणीही गायलं असतं. त्याने फक्त पाण्याचं वाक्य लावलं. बाईंनी डोळे मिटले. वाक्य संपलं तसं त्यांनी परत बोट उचललं.

रत्नदीपने ते सात वेळा लावलं. तिसऱ्या वेळेपासून बाईंचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते, आणि विहारात कोणीही हसत नव्हतं.