वहीवाली ताई

"बाई, हे लिहू का?"

पेनाचं टोपण दोन बोटांत धरून, अर्धं काढलेलं अर्धं लावलेलं, ती विचारायची. वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून फरशीवर मांडी घालून बसलेली असायची. मी फळ्यावर भागाकार शिकवत असायचे आणि मध्येच मागून हा प्रश्न. मी वैतागून म्हणायचे, "लिही गं बाई, लिही एकदाची." मगच टोपण पूर्ण निघायचं.

मुलांनाही ती असंच विचारायची. एकदा एका मुलीने डबा आणला नव्हता. त्या मुलीने मान हलवून "नको" म्हटलं, तर हिने खरंच लिहिलं नाही. मुख्याध्यापकांचं मात्र तिने ऐकलं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप का, याबद्दल लिहू का म्हणून विचारलं तेव्हा सर म्हणाले, "त्यापेक्षा आमच्या परसबागेबद्दल लिहा ना." तिने दोन्ही लिहिलं.

तुम्ही शाळेत नोकरी केली असेल तर कॉलेजांतून येणारे विद्यार्थी पाहिले असतील. बी.एड.वाले येतात, पाठ घेतात, तक्ते टांगतात, सही घेऊन जातात. पीएच.डी.वाले प्रश्नावली वाटतात आणि आपण स्टाफरूममध्ये चहा पिता पिता एकमेकांचं बघून ती भरतो. हीसुद्धा पीएच.डी.च करत होती, पण ही त्यातली नव्हती. डिलाईल रोडवरच्या आमच्या महापालिकेच्या शाळेत ती वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस आली. ज्या मुलांच्या घरची भाषा, घरचं वळण वेगळं आहे त्यांना आपण वर्गात सामावून घेतो का, आणि त्यासाठी शिक्षकांना काय शिकवायला हवं, असा तिचा विषय. चौथीचा माझा वर्ग तिला मिळाला.

राहायला घोडपदेवला, चाळीत. वडील आधी मिलमध्ये, मिल गेल्यावर वॉचमन. घरातली पहिली एम.ए. चिंचपोकळीच्या पुलावरून चालत यायची, आणि आल्या आल्या बाटलीभर पाणी पिऊन मागे जाऊन बसायची. मी खुर्ची दिली तर म्हणाली, "नको बाई. खुर्चीवरून पोरांची डोकीच दिसतात." मुलं तिला वहीवाली ताई म्हणायची. वही खाकी पुठ्ठ्याची, जाडजूड. पहिले पंधरा दिवस मला त्या वहीची भीतीच वाटली, खोटं कशाला सांगू.

ती बसायची त्याच्या शेजारीच शेवटच्या बाकावर सोनी बसायची. नऊ वर्षांची, मोठ्या डोळ्यांची. आई-बाप लमाणी, विजापूरकडच्या तांड्यातले. मिलच्या जागेवर जो टॉवर चढत होता तिथे कामाला, आणि तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायला. सोनी वर्गात एक शब्द बोलायची नाही. हजेरीला बाकीची मुलं ओरडायची, "बाई, आलीय ती!" मी जुलैमध्येच तिच्या नावापुढे पेन्सिलीने "मंद" असं लिहून ठेवलं होतं. बेचाळीस मुलं होती माझ्याकडे. हे मी तेव्हाही स्वतःला सांगायचे.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत ही माझ्याकडे धावत आली. "बाई, सोनी बोलते! सागरगोटे खेळताना स्वतःशी बोलते. तिची बोलीच वेगळी आहे. ती मंद नाही, आपल्याला तिचं कळत नाही एवढंच."

मग तिने जो काही उद्योग केला! वडिलांच्या ओळखीचा वॉचमन होता टॉवरवर, त्याच्यामार्फत आत गेली, सोनीच्या आईशी दोस्ती केली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यांची बोली शिकली. एका सकाळी सोनीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसून, तोंड अगदी तिच्या तोंडासमोर आणून, विचारलं, "तारो नाम काई छ?"

सोनीने आधी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग हसली. मग म्हणाली, "सोनी."

अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. वहीवाली ताई रडत होती आणि रडता रडता मला म्हणत होती, "बाई, हे लिहू का?" मी म्हटलं, "अगं, हे तर मोठ्या अक्षरात लिही."

त्यानंतर भिंतीवर तक्ता लागला. आपला शब्द, सोनीचा शब्द. आई आणि याडी शेजारी शेजारी. काही दिवस मुलं एकमेकांच्या आयांना याडी म्हणत होती. दिवाळीपर्यंत सोनी दहा-बारा शब्द मराठीत बोलायला लागली. पण त्यापुढे गाडी सरकेना. श्रुतलेखनात पाटी कोरी. मी काही विचारलं तर पुन्हा ते मोठे डोळे. हिने आणखी तक्ते केले, चित्रं आणली, गाणी बसवली. तिच्या गाईड मॅडम खूश होत्या. हिने एका परिषदेत त्यावर निबंधही वाचला.

जानेवारीतली गोष्ट. मुलं मैदानात होती. सोनी पाठमोरी उभी होती, आणि दुसऱ्या बाजूने जड चेंडूची फेकाफेक चालली होती. ही मागून ओरडली, "सोनी! बाजूला हो!" मराठीत ओरडली, मग तिच्या बोलीत ओरडली. सोनी जागची हलली नाही. चेंडू तिच्या पायाशी पडला तेव्हा ती दचकली.

ही तशीच उभी राहिली. मग हळूहळू सोनीच्या मागे गेली आणि टाळी वाजवली. एकदा, दोनदा. मग जोरात.

थोड्या वेळाने वर्गात आली तेव्हा तिच्या हातात वही होती, पहिल्या पानांवर उघडलेली. माझ्यासमोर टेबलावर ठेवली. जूनमधली नोंद होती. "मुलगी शेवटच्या बाकावर. कानात कापूस."

"पहिल्याच आठवड्यात लिहिलंय मी," ती म्हणाली. "लिहिलं आणि पान उलटलं. माझा विषय भाषा होता ना, म्हणून मला भाषाच दिसली. सात महिने, बाई. ती माझे ओठ वाचत होती."

मला तिच्याहून जास्त माहीत होतं. सोनीचा कान वाहायचा. शेजारच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, तक्रार करायच्या, म्हणून मीच तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तिच्या आईला बोलावून म्हटलं होतं, कापूस घालून पाठवत जा. ते मी हिला त्या दिवशी सांगितलं. खाली मान घालून सांगितलं.

ती टोपण दोन बोटांत फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, हे लिहू का?"

मी मानेनेच हो म्हटलं.

गाईड मॅडमनी तिला सांगितलं, तुझं काम निरीक्षण करणं आहे, मध्ये पडू नकोस. तिने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोनीला आणि तिच्या आईला घेऊन परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. मीही अर्धी रजा टाकून गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. समजावून सांगितलं. एका कानाचा पडदा जवळजवळ गेलेला. दुसरा सडत चाललाय, पण वेळेत ऑपरेशन झालं तर तो वाचेल. आधी औषध, मग तपासण्या, तीन आठवड्यांनी गुरुवारी यायचं.

सोनीच्या आईने विचारलं, "बोलेल का मग?"

"ती बोलतेच आहे," डॉक्टर म्हणाले. "ऐकायला हवं."

त्या गुरुवारी ही सकाळी सात वाजताच हॉस्पिटलात जाऊन रांगेत उभी राहिली. सोनीच्या आईने सांगितलं होतं, आम्ही चालत येतो, जवळच तर आहे. आठ वाजले, नऊ वाजले. नंबर आला, गेला. तिने मला फोन केला, "बाई, सोनी शाळेत आलीय का हो?" शाळेतही नव्हती. ती तशीच टॉवरकडे धावली.

पत्र्याच्या खोल्या रिकाम्या होत्या. वॉचमन म्हणाला, इमारतीचं बांधकाम संपलं, ठेकेदाराची गाडी मंगळवारी पहाटे आली आणि सगळ्यांना घेऊन गेली. कुठे? एक म्हणाला पनवेलकडे, एक म्हणाला हैदराबादला. हिच्या वडिलांनी आपल्या ओळखीच्या साऱ्या वॉचमनना विचारलं. आपल्या बापाच्या इतक्या ओळखी मुंबईत आहेत हे तिला तेव्हा कळलं. पण इमारतींच्या गेटवर उभं राहणाऱ्याला, आत काम करून गेलेली माणसं पुढे कुठे गेली हे कसं माहीत असणार? ती स्वतः चार रविवार पनवेलच्या बाजूला साइट ते साइट फिरली. सोनीच्या बापाचा मोबाईल लागत नव्हता.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तिला एकदा म्हटलं, "अगं, तू तरी किती करणार?"

"जून ते जानेवारी काहीच केलं नाही, बाई," ती म्हणाली. "तक्ते केले."

उन्हाळ्यात दादरला आमचं प्रशिक्षण होतं, सगळ्या वॉर्डातल्या शिक्षकांचं. त्यात एक तास तिला दिला होता. पडद्यावर दाखवायला तिने सुंदर चित्रं आणली होती. पण ती सगळी बाजूला ठेवून ती सोनीबद्दलच बोलली. आपण कुठे चुकलो ते सांगितलं. मूल आपल्यासारखं बोलत नाही म्हटल्यावर आपण त्याला आधी मंद म्हणतो. आणि जरा शिकलेले असलो तर संस्कृती वेगळी आहे म्हणतो. त्याचा कान दुखतोय का, हे कोणीच विचारत नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. चुकी सगळी स्वतःच्या अंगावर घेतली.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. रागाने नाही, दमून बोलल्या. "ताई, तुमचं पटतं. पण माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत, वर निवडणुकीच्या याद्या आहेत. कोणाकोणाचे कान बघू?"

ती बोलायला गेली आणि थांबली. माईक हातात तसाच. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाली. मग कोणीतरी प्रमाणपत्रं कधी मिळणार ते विचारलं आणि हॉलमध्ये खुर्च्या सरकायला लागल्या.

प्रबंधात सोनीवर एक अख्खं प्रकरण होतं. एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणून ते काढायला सांगितलं गेलं. ती भांडली. शेवटी ते प्रकरण आक्रसून शेवटच्या परिशिष्टात पाच पानं उरलं. पदवी मिळाली. मुंबईत कुठे जागा निघाली नाही, तेव्हा मराठवाड्यातल्या एका बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. जायच्या आधी प्रबंधाची एक प्रत मला द्यायला ती शाळेत आली. सोनी जाऊन दीड वर्ष झालं होतं.

आम्ही जिन्यापाशी उभ्या होतो. मी ती पाच पानं शोधत होते. माझ्याबद्दल तिने लिहिलं होतं, जसं घडलं तसं. शेवटच्या बाकाचं लिहिलं होतं. त्याच्याखाली एक ओळ होती : "शिक्षिकेने हे स्वतःहून सांगितले."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. "हॅलो" म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम पालटला. सोनीची आई होती. तिला कधीतरी नंबर लिहून दिला होता, तो तिने जपून ठेवला होता. कुठे आहात, कुठे आहात, ही विचारत होती. पलीकडून मशीनचा मोठा आवाज येत होता, गावाचं नाव कळेना. आई म्हणाली, पोर सारखी तुझी आठवण काढते, घे, बोल तिच्याशी.

आणि सोनी फोनवर आली. आवाज मलाही ऐकू येत होता, इतकी मोठ्याने बोलत होती. "ताई? ताई?"

"सोनी! बोल बाळा, ऐकतेय मी!"

"ताई? ताई?"

हिने मराठीत सांगितलं, तिच्या बोलीत सांगितलं. मग ओरडायला लागली. शाळेचा अख्खा जिना घुमत होता. वर्गावर्गांतून मुलं दाराशी आली, सर ऑफिसातून बाहेर आले. ती डोळे मिटून, दोन्ही हातांनी फोन धरून, जीव तोडून ओरडत होती. पलीकडे सोनी तिच्या दारचं काहीतरी सांगत होती, बकरीचं पिल्लू असं काहीतरी, आणि मध्ये मध्ये थांबून वाट बघत होती. पुन्हा "ताई?" म्हणत होती. आईला फोन दे, आईला दे, असं ही म्हणत राहिली. पण ते तरी सोनीला कसं ऐकू जाणार?

मग फोन बंद झाला. हिने उलट लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तो नंबर नंतरही कधी लागला नाही.

सरांनी मुलांना आत पाठवलं. ती पायरीवर बसली. मीही शेजारी बसले, हातात तो जाडजूड प्रबंध. तिचा घसा बसला होता.

"बाई," ती म्हणाली, "तिला वाटलं असेल का हो, की मी बोललेच नाही?"

मी तिचा हात हातात घेतला. पाचवा तास संपल्याची घंटा झाली. माझा पुढचा तास होता. मुलं वर्गात वाट बघत होती. ती उठली, साडीची धूळ झटकली, मला वाकून नमस्कार करायला गेली, तो मी करू दिला नाही. जिना उतरून ती गेटबाहेर पडली आणि चिंचपोकळीच्या दिशेला वळली.

त्यानंतर ती आमच्या शाळेत आली नाही.