यादवीचा अभ्यास आणि खिळ्यावरची किल्ली

निवृत्तीनंतर मी इतिहासात एम.ए. करायला घेतलं आणि प्रबंधासाठी विषय निवडला, जगभरची यादवी युद्धं. नवरा म्हणाला, "या वयात बायका भजनी मंडळात जातात."

सकाळी देवळालीच्या तोफांचा सराव दूरवर घुमायचा आणि मी नाशिकरोडला आमच्या तिसऱ्या मजल्यावर रोम, इंग्लंड, अमेरिका, स्पेन वाचत बसायचे. कारणं निराळी, पण एक गोष्ट सगळीकडे तीच. परक्या शत्रूचं घर आपण पाहिलेलं नसतं. यादवीत त्याच्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा ठाऊक असतात. वहीत मी ऐटीत लिहिलं की यादवीची सुरुवात गोळीबाराने होत नाही, शेजाऱ्यावरचा विश्वास काढून घेण्याने होते. हे वाक्य मला फारच आवडलं होतं.

समोरच्या दारातल्या मैत्रिणीशी मी चार वर्षं बोलत नव्हते. इमारत पाडून नवी बांधायची की नाही, यावरून सोसायटीत दोन तट पडले. ती तिकडे, मी इकडे. वीस वर्षांची विरजणाची देवाणघेवाण, दुखणीखुपणी, सगळं एका सभेत संपलं. ते तिच्यामुळेच संपलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

परवा मी कचरा ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. आत गॅसवर दूध, ओट्यावर फोन, नवरा गावाला. तेव्हा आठवलं, आपली जादा किल्ली तिच्याकडे होती. नाइलाजाने बेल वाजवली.

"माझी किल्ली... आत दूध..."

"खिळ्यावरच हाये," ती म्हणाली. तिचं माहेर पेठ तालुक्याकडचं, बोली अजून तिकडचीच. "गॅस चालू हाये ना? मग सर बाजूला."

तिनेच दार उघडलं, तिनेच गॅस बंद केला. किल्लीला मी बांधलेला लाल दोरा तसाच होता.

उतू गेलेलं दूध पुसताना मला दुसरी किल्ली आठवली. सभेच्या दुसऱ्याच दिवशी मी तिच्या घराची किल्ली पाकिटात घालून तिच्या पत्रपेटीत टाकली होती. वर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

ती दारात उभी होती. "ही देऊ का ठेवू?"

"ठेव," मी म्हणाले. "आणि तुझी मला परत दे."