टेपवरची तारीख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतो.

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला एका जर्मन माणसाच्या थिएटरात होतो. क्लाउस साहेब. तरुणपणी हॅम्बुर्गला चित्रपट वितरणात पडले, पुढे आशियाभर चित्रपटांच्या प्रिंट पुरवत तिथे स्वतःचं थिएटर काढलं. मी आधी जहाजावर, इंजिनरूममध्ये. म्हणूनच फिल्मचं गोदाम त्यांनी माझ्याकडे दिलं. "जहाजावरचा माणूस नोंद चुकवत नाही," असं सगळ्यांना सांगायचे.

जहाजावर आम्ही काय करायचो, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? यंत्रं न बघता मागच्या पाळीचे आकडे खुर्चीत बसूनच पुढे उतरवायचे.

गोदामातही मी तेच केलं. नियम असा: दर महिन्याला प्रत्येक डबा उघडायचा, रीळ बघायचं, नवी टेप लावून तिच्यावर तारीख घालायची, मग कार्डावर सही. सही मी करायचो. डबे — डबे उघडायचो नाही.

एका डब्यात साहेबांनी वितरित केलेला पहिला चित्रपट होता. त्याची दुसरी प्रिंट कुठेच उरली नव्हती. थिएटर विकलं, तेव्हा शेवटच्या खेळाला तोच लावायचं त्यांनी ठरवलं.

डबा उघडला आह सेंगने. प्रोजेक्टर चालवणारा, वीस वर्षं त्यांच्याकडे असलेला माणूस. एसीचं पाणी ठिबकून तळ गंजला होता. फिल्म चिकटून दगड झाली होती.

 साहेब कार्ड उलटसुलट पाहून म्हणाले, "साळवी, गेल्या महिन्यात ठीक होतं?"

आह सेंगच्या हातात डब्याची टेप होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात तारीख — तीन वर्षांपूर्वीची. ती त्याने साहेबांना दाखवली नाही. हळूच माझ्या हातात दिली. "मिस्टर साळवी, यू टेल हिम, लाह." तिथलं "लाह", आपल्या "ना"सारखं.

मला संधी दिली त्याने. कळतंय ना तुम्हाला?

मी टेप खिशात घातली. म्हणालो, "ठीक होतं, सर. मग आह सेंगने डबा एसीखाली सरकवला."

आह सेंग माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनी त्याला त्याच दुपारी काढलं. शेवटचा खेळ त्याच्याशिवाय झाला. साहेब जर्मनीला परतले आणि वर्षाच्या आत गेले — माझ्यावर विश्वास ठेवूनच.

तो डबा एसीखाली मी ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी, टेप लावून. त्या दिवसाआधी आह सेंगने त्याला हातही लावला नव्हता.