पॉलिशवाल्याच्या घरची पार्टी

गल्लीत सगळे त्याला पॉलिशवालाच म्हणायचे. त्याचा हात फिरला, की पन्नास वर्षांचं कपाटसुद्धा कालच दुकानातून आणल्यासारखं दिसायचं. स्वतःच्या घराच्या बाबतीत तर विचारायलाच नको. शेजारी म्हणायचे, "यांच्याकडे माशीसुद्धा पाय पुसून आत येते." त्याला ते कौतुकच वाटायचं.

बायकोचा स्वभाव अगदी उलटा. तिला माणसं हवीत, पोरांचा दंगा हवा. दरवर्षी पानगळीच्या दिवसांत, अंगणातलं झाड पिवळं झालं, की एका रविवारी दुपारी ती सगळ्यांना मुलाबाळांसकट बोलवायची. भोपळ्याचं सूप, भाजलेली सफरचंदं आणि पोरांसाठी अंगणात कमरेएवढा पानांचा ढीग. पोरं त्यात उड्या मारायची, पानांचे मुकुट करून मिरवायची. या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या दुपारी मात्र तिच्या पायाला भिंगरी लागायची.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पार्टीच्या आदल्याच दिवशी त्याने जेवणाच्या टेबलावर पॉलिशचा शेवटचा हात मारला होता. दीड महिना त्या टेबलासाठी खपला होता तो. थोरल्या भावाची मुलगी चिमणी तेव्हा सात वर्षांची. तिने अंगणातून ओंजळभर ओली पानं आणली आणि काकूला दाखवायला टेबलावर ओळीने मांडली. पाहुण्यांना सूप वाढून होईपर्यंत पानांखाली पांढरे डाग उमटले. लाखेच्या पॉलिशला पाणी सोसत नाही, हे त्या पोरीला कुठून कळणार? पण त्याचं डोकंच फिरलं.

"कुणी घेतलं हिला घरात? जंगली कुठली," तो सगळ्यांसमोर ओरडला.

चिमणी रडली नाही. नुसती फ्रॉकला हात पुसत राहिली. दादाने तिला उचललं, वहिनीने तिच्या चपला घेतल्या आणि सूप तसंच टाकून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला. अर्ध्या तासात डाग नाहीसे झाले.

पुढच्या वर्षी बायकोने विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "आधी खिडक्यांचं पॉलिश होऊ दे." त्याच्या पुढच्या वर्षी कपाटं निघाली, मग जिन्याचा कठडा. खरं कारण वेगळंच होतं. त्या पोरीला तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती. दादाला तो बाहेर कुठेतरी चहाला भेटायचा. तो विषय दोघेही टाळायचे. बायकोने चार-पाच वर्षं विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं.

या वर्षी वहिनीचा फोन आला. दादाला काचबिंदू झाला होता आणि हातभर अंतरावरचा चेहराही त्याला पुसट दिसायला लागला होता. फोन ठेवल्या ठेवल्या पॉलिशवाला बायकोला म्हणाला, "बोलवूया सगळ्यांना."

"झालं का तुमचं घर?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. दोन दारं अजून बाकी होती.

आठवडाभर तो एखाद्या पोराच्या उत्साहाने राबला. पानं गोळा केली, मुकुटांसाठी तारेची कडी वळली, बुटकी स्टुलं मांडली. बायको बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अहो, स्टुलांवर बसायला पोरं आहेत कुठे आता? सगळी कॉलेजात गेली."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने शेजारची तीन वर्षांची जुळी बोलावली, म्हणून निदान पानांच्या ढिगात कुणीतरी लोळलं.

दादा आला तो चिमणीच्या खांद्यावर हात ठेवून. वहिनीपेक्षाही उंच झाली होती पोरगी. दादाने टेबल चाचपलं.

"काच बसवलीस की काय रे?"

"नाही दादा, लाकूडच आहे."

"रंग कसा आहे?"

"मधासारखा. मधून गर्द रेघा आहेत."

"आधीच यायला हवं होतं मी," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

चिमणी सुपाचा वाडगा हातात धरून भिंतीशी उभी होती.

"ठेव की टेबलावर," तो म्हणाला.

"नको काका, हातातच बरा आहे."

"चिमणे, त्या दिवशी मी..."

"आठवतंय मला," ती शांतपणे म्हणाली. "मैत्रिणींच्या घरीसुद्धा मी आधी विचारायचे, इथे हात लावला तर चालेल ना? आईला वाटायचं, किती शहाणी पोर."

"डाग दुसऱ्याच दिवशी गेला होता गं. अर्धा तास लागला फक्त."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग कळवायचं ना, काका. मला वाटायचं, माझ्यामुळे काकूची पार्टी बंद पडली."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि चिमणीला कोपराला धरून अंगणात घेऊन गेली.

सहाला दादाच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात, म्हणून मंडळी लवकर उठली. तो त्यांना सोडायला बसस्टॉपपर्यंत गेला. चिमणीचं नर्सिंगचं कॉलेज पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी सुरू होणार होतं.

"पुढच्या वर्षी येशील ना?" त्याने विचारलं.

"सुट्टी मिळाली तर येईन," ती म्हणाली आणि बापाला हात देऊन बसमध्ये चढली.

तो परतला तेव्हा बायको भांडी घासत होती.

"घराचं निमित्त होतं नुसतं," तो म्हणाला. "मला पोरीसमोर उभं राहायचा धीर होत नव्हता."

ती एकच वाडगा बराच वेळ विसळत राहिली, आणि पुसायचं फडकं घेऊन तो तिच्या शेजारी उभा राहिला.